कागदामागचा बांध

नामपूरच्या परिसरात, मोसम नदीच्या दोन्ही अंगांच्या माळरानावर, शेततळे आता विहिरीइतकेच नेहमीचे झाले आहे. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून होणारा हा कसमादे पट्टा डाळिंबाचा आणि कांद्याचा. बागलाणच्या, म्हणजे सटाणा तालुक्याच्या, पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांवर पाऊस चांगला पडतो, पण पूर्वेकडे नामपूरपर्यंत येता येता तो ओसरतो. म्हणून पावसाळ्यात विहिरीला पाणी असताना ते मोटारीने उचलायचे, माळावरच्या तळ्यात साठवायचे आणि मार्चपासून मेपर्यंत ठिबकने बागेला पुरवायचे, ही रीत इथे रुळली. या तळ्यांनी कितीतरी बागा जगवल्या आहेत. जमिनीतले पाणी उपसून उघड्यावर ठेवावे का, बाष्पीभवनात ते घालवावे का, हा वाद महत्त्वाचा आहे, पण तो वेगळा. इथे विषय आहे तो त्या पाण्याला अडवून धरणाऱ्या मातीच्या बांधाचा. तळ्यातले जितके पाणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर असते, तितक्यापुरते ते तळे मातीचे धरण असते. त्याचा मालक एक शेतकरी, त्याचा अभियंता बहुतेक वेळा पोकलेनचा चालक, आणि त्याचा तपासनीस कोणीच नाही. माझे म्हणणे असे की या बांधाची खरी परीक्षा तळे पहिल्यांदा भरते तेव्हा होतच नाही. तळ्याला अस्तर म्हणून घातलेला प्लास्टिकचा कागद फाटतो तेव्हा ती होते, आणि त्या दिवसाची तयारी जवळजवळ कोणीही केलेली नसते.

आधी आकडा पाहू. २०१६ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. तिच्यात ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल हे माप सर्वांच्या ओळखीचे झाले. कडेचा उतार एकास एक धरला तर अशा तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. आता समजा दीड मीटर खोदले आणि निघालेली माती कडेने टाकून दीड मीटर बांध उभा केला. जमिनीखालचे पाणी काही झाले तरी बाहेर धावणार नाही. जमिनीच्या वर मात्र सुमारे १,२०० घनमीटर, म्हणजे १२ लाख लिटर राहते. उन्हाळ्यात गावाला पाणी घेऊन येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. तसे १२० टँकर एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून, काही मिनिटांत उताराला सोडावेत इतके हे पाणी झाले. डाळिंबाच्या मोठ्या बागांसाठी कोटी लिटरची तळीही खोदली जातात, तिथला हिशेब याच्या कितीतरी पट. ही तळी सपाटीच्या काळ्या रानात क्वचितच असतात. चांगली जमीन पिकाला ठेवायची म्हणून मुरमाड, उंचवट्याची जागा तळ्याला दिली जाते, आणि उंचवट्याच्या खालच्या अंगाला असते मळ्यातले घर, गोठा, कांदाचाळ, शेजाऱ्याची विहीर किंवा वाडीवस्तीचा रस्ता.

मातीचे धरण म्हणजे कच्चे काम, हा समज मात्र चुकीचा आहे. भारतातली बहुसंख्य मोठी धरणे मातीचीच आहेत. कळवण तालुक्यात गिरणेवरचे ब्रिटिश काळातले चणकापूर मातीचेच. माती नीट निवडली, नीट दाबली आणि तिच्याकडे लक्ष ठेवले तर ती शंभर वर्षे उभी राहते. ती हरते मुख्यतः दोन रीतींनी. पाणी माथ्यावरून ओसंडते आणि बाहेरचा उतार कातरत माघारी येते, ही एक. पाणी आतून वाट शोधते, बारीक माती सोबत नेते आणि उंदराच्या बिळाएवढ्या वाटेचा बोगदा करते, ही दुसरी. जगभरच्या फुटलेल्या माती-धरणांच्या अभ्यासात या दोन कारणांचा वाटा जवळपास सारखा निघाला आहे, बाकीची सगळी कारणे मिळून थोडीच उरतात. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासांतून पुढे येते. आतून फुटणारी धरणे बहुधा पहिल्यांदा पाणी भरताना किंवा पहिल्या पाच वर्षांत फुटतात. कारण सरळ आहे. पहिले पाणी बांधातली प्रत्येक सैल जागा, प्रत्येक भेग, नळाशेजारची प्रत्येक पोकळी शोधून काढते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले ते अशाच पहिल्या भरण्याच्या वेळी, काम अपुरे असताना. पाणी सोडण्याच्या विमोचकाच्या नळापाशी भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण गेले. खाली खडकवासलाही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला.

अस्तर घातलेल्या शेततळ्यात हीच पहिली परीक्षा होत नाही. पोकलेनने माती उचलली आणि कडेला ओतली. थर देणे नाही, पाणी मारणे नाही, रोलर फिरवणे नाही. खालचे गवत आणि पालापाचोळाही काढलेला नसतो, त्यामुळे जुनी जमीन आणि नवा भराव यांच्यामध्ये कुजणारा एक थर तसाच दबून राहतो. त्यावर ५०० मायक्रॉनचा कागद पसरला, कडा वरच्या चरात गाडल्या आणि पाणी सोडले. तळे भरले, थेंबही गळला नाही, सगळे खूश झाले. पण पाणी धरले ते कागदाने, बांधाने नव्हे. मागची माती कोरडी राहिली. ओली झाल्यावर ती कशी वागते हे कोणालाच कळले नाही. पुढे काही वर्षांनी कागद उन्हाने कडक होतो, सांध्यावर उकलतो, एखादे कुत्रे किंवा शेळी आत पडून धडपडताना नखांनी-खुरांनी तो फाडते, किंवा गाळ काढताना फावडे लागते. पाणी मागच्या मातीत शिरते आणि त्या बांधाच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला धरण व्हावे लागते. तोवर मधल्या उन्हाळ्यांत त्याला भेगा पडलेल्या असतात, घुशी-उंदरांनी बिळे केलेली असतात, माथा बसलेला असतो. पानशेतला पहिल्या भरण्याच्या वेळी निदान शेकडो माणसे धरणावर उभी होती. शेततळ्याच्या त्या रात्री बांधावर कोणीही नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली, पण त्या धरणात सुमारे २५ लाख घनमीटर पाणी होते. शेततळे त्याच्या हजाराव्या हिश्शाइतके. मग एवढी चिंता कशाला? आकाराचा मुद्दा खरा आहे आणि प्रत्येक शेततळ्याखाली माणसे मरतील असे म्हणणे खोटे ठरेल. सपाट रानातले, निम्मे जमिनीत असलेले तळे फुटले तर शेजारचे पीक झोपेल, माती वाहून जाईल, भांडण होईल, एवढेच. पण धोका ठरतो तो पाणी किती यापेक्षा पाण्याच्या खालच्या अंगाला कोण आहे यावर. दोनशे फुटांवर, उताराच्या पायथ्याशी पत्र्याचे घर असेल आणि त्यात सालदाराचे कुटुंब झोपलेले असेल, तर १२ लाख लिटर पुरेसे आहे. तिवऱ्याची दुसरी शिकवण आकाराशी संबंधित नाही. खेकड्यांनी धरण पोखरल्याचे तेव्हा सांगितले गेले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. खेकडे, घुशी, उंदीर बांध पोखरतातच, त्यात नवे काही नाही. गळती गावकऱ्यांना आधीच दिसली होती आणि त्यांनी ती कळवलीही होती, ही त्यातली खरी बोचणारी बाब. तिथे पाहणारे होते आणि ऐकणारे कमी पडले. शेततळ्यावर पाहणाराच नेमलेला नाही.

खासगी बांधाकडे दुर्लक्ष झाले की काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात घडले. साउथ फोर्क धरण मातीचे होते आणि धनिकांच्या एका शिकार-मासेमारी क्लबच्या मालकीचे होते. आधीच्या मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून विकले होते, त्यामुळे पातळी खाली आणण्याचा मार्गच उरला नव्हता. क्लबने गाडीरस्त्यासाठी माथा उतरवला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मोठ्या पावसात त्या जाळ्या काडीकचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसे मेली. ते धरण शेततळ्यापेक्षा फारच मोठे होते, तरी त्यातल्या तिन्ही चुका कसमाद्यात रोज दिसू शकतील अशा आहेत. विहिरीवरून भरायचे तळे म्हणून सांडवाच ठेवलेला नसतो. मोटार रात्रभर चालू राहिली किंवा एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर जादा पाणी जाणार कुठून हे ठरलेले नसते. माथा बसून एका जागी खोलगट होतो आणि पाणी आपोआप तीच जागा निवडते. सैल टाकलेला भराव उंचीच्या दहाव्या हिश्शाइतका सहज बसतो. म्हणजे दीड मीटर बांधावर अर्धा फूट गेलाच. बांधताना पाणी आणि माथा यांच्यामध्ये दीड-दोन फुटांचे अंतर सोडले असेल, तर दोन पावसाळ्यांनंतर ते अंतर पुन्हा मोजायला हवे. सांडव्याला फार खर्च नाही. एका कोपऱ्यात, मूळ जमिनीत कापलेला आणि दगडाने बांधलेला, खालच्या नाल्याकडे नेणारा चर पुरतो. भरावातून तो काढू नये, एवढेच पथ्य.

कायद्याचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या धरणांना लांबी, साठा वगैरेंच्या अटींसह. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकलाच आहे, नामपूरहून एका दिवसात जाऊन यावे इतकी जवळ, पण शेततळे तिच्या कक्षेत येत नाही आणि यावे अशी अपेक्षाही नाही. लाखाच्या घरातल्या तळ्यांना अभियंते पुरवणे कोणालाच जमणार नाही. तरी कायदा अगदी गप्प आहे असे नाही. मालकाने आपल्या जमिनीवर साठवलेले पाणी दुसऱ्याचे नुकसान करील तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १८६८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात आला, तोही एका गिरणीमालकाच्या खासगी तळ्यावरून. पाणी शेजारच्या खाणीत शिरले होते. निर्णय असा झाला की असे पाणी साठवणारा स्वतःच्या जोखमीवर साठवतो, त्याची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. सहा वर्षांनी, १८७४ मध्ये, मद्रास रेल्वे आणि करवेतनगरचे जमीनदार यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने भारतापुरता वेगळा विचार केला. जमीनदाराच्या तलावांचे बांध फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते, तरी त्याला जबाबदार धरले नाही. ते तलाव पूर्वापार होते, हजारोंच्या शेतीचा आधार होते, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते आणि त्याचा हलगर्जीपणा दाखवता आला नव्हता. आजच्या शेततळ्याला हा आसरा कितपत मिळेल याची मला शंका वाटते. ते एकाच बागेसाठी, मालकाच्या मर्जीने बांधलेले असते, आणि ज्या बांधाकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकले नाही त्याचा हलगर्जीपणा दाखवणे अवघड नाही.

दुसरा आक्षेप अधिक मनाला लागणारा आहे. कांद्याला भाव नाही, डाळिंबावर तेल्या येतो, कर्ज डोक्यावर आहे, त्यात तपासणी आणि दाखल्यांचे नवे लचांड कशाला? परवानगी म्हणजे आणखी एक टेबल, हा शेतकऱ्याचा अनुभव आहे आणि तो डावलता येत नाही. म्हणूनच परवान्याची मागणी मी करत नाही. पण अनुदान देण्याआधी कृषी सहायक टेप घेऊन लांबी-रुंदी-खोली मोजतोच. खोदाई मोजली जाते, बांध मोजला जात नाही. अनुदानाचा एक लहान हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भेटीला जोडला आणि त्या भेटीत सांडवा आहे का, माथा किती बसला, खाली कोणाचे घर आहे, एवढेच पाहिले तरी पुष्कळ. नामपूरच्या भागाला हे परके नाही. मोसम, आराम, पांझरा या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालली. बंधारा गावाचा, पाणी वाटायला पाटकरी, आणि पाट साफ करायला, पडझड सावरायला ज्यांची शेते भिजतात ते सगळे. ती व्यवस्था आहे तशी परत आणता येणार नाही, आणि तिच्यात जुन्या काळची विषमताही होती. पण पाणी साठवणाऱ्या कामाकडे दरवर्षी अनेक डोळ्यांनी पाहिले जायचे, ही तिची ताकद होती. पाणी गावाच्या बंधाऱ्यातून ज्याच्या त्याच्या तळ्यात गेले, त्याबरोबर ती नजरही गेली.

तिसरा आक्षेप बांधावरच्या झाडांचा. मुळे माती धरून ठेवतात, मग बाभूळ, सुबाभूळ उगवले तर चांगलेच ना? गवताच्या बाबतीत हे बरोबर आहे. बाहेरच्या उतारावर दाट, आखूड हराळी असेल तर पावसाने माती धुपत नाही आणि खालची ओल लगेच दिसते. झाडाची गोष्ट उलटी आहे. त्याची मुळे बांधात खोल जातात, कागदाखाली शिरतात, आणि झाड मेले किंवा तोडले की ती कुजून पाण्यासाठी तयार नळ्या सोडून जातात. वाऱ्याने झाड उपटले तर मुळांबरोबर बांधाचा घासच निघतो. हाताएवढे रोप असतानाच उपटावे, मोठे झाल्यावर घाईने मुळासकट ओढू नये. हाच नियम बांधातून आरपार नेलेल्या पाइपला लागू आहे. मातीच्या धरणातली जुनी दुखणी नळाशेजारूनच सुरू होतात, कारण गुळगुळीत पाइपला माती कधी घट्ट बिलगत नाही. पाइप माथ्यावरून नेऊन सायफनने पाणी काढणे शेततळ्याला कितीतरी सुरक्षित. अडचणीच्या वेळी तोच सायफन विजेशिवाय पाणी खाली आणतो, आणि कृषिपंपाची वीज रात्री-बेरात्री कधी असते आणि कधी नसते हे इथल्या माणसाला सांगायला नको.

या सगळ्यात एक गोष्ट विसरली तर विषय अर्धाच राहील. बांध फुटण्याच्या बातम्या कमी येतात, शेततळ्यात बुडून मृत्यू झाल्याच्या मात्र दर उन्हाळ्यात येतात. त्यात मुले असतात, धुणे धुवायला गेलेल्या बायका असतात, आणि एकाला वाचवायला उतरलेला दुसराही असतो. कारण पुन्हा तोच कागद. एकास एक उतार, त्यावर ओले, शेवाळलेले प्लास्टिक. पोहणारा माणूससुद्धा काठापर्यंत येतो आणि वर चढू शकत नाही, पाय घसरतो, हाताला धरायला काही नसते. विहिरीला निदान पायऱ्या किंवा कपारी असतात. उपाय स्वस्त आहे. माथ्यावर खुंट्याला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडलेला असावा, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूब काठावर असाव्यात, आणि तारेचे कुंपण, फाटक व कुलूप हे कागदाइतकेच तळ्याच्या खर्चात धरलेले असावे. कुंपण नसलेले तळे पूर्ण झाले असे मोजमापाच्या वहीत लिहिलेच जाऊ नये.

मालकाने स्वतः काय पाहायचे, तर पावसाळा सुरू होण्याआधी एकदा आणि तळे भरल्यावर दर आठवड्याला बांधाच्या बाहेरच्या पायथ्याने चालत एक फेरी. आतून नव्हे, बाहेरून. आजूबाजूचे सगळे वाळलेले असताना एकाच पट्ट्यात हिरवे गवत, पाय टाकल्यावर दबणारी जागा, माथ्यावर लांबीच्या दिशेने पडलेली भेग, बिळाच्या तोंडाशी ताजी माती, मोटार बंद असताना उतरणारी पातळी, ही लक्षणे शिकायला पदवी लागत नाही. पाझर दिसला तर पहिला प्रश्न तो स्वच्छ आहे की गढूळ. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून तासभर ठेवावे. तळाशी गाळ बसला तर बांध आतून वाहून जाऊ लागला आहे असे समजावे आणि वाट पाहू नये. अशा वेळी माणसे बाहेरच्या तोंडावर चिखल किंवा सिमेंट थापून भोक बुजवतात. ते घातक आहे, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. बाहेर वाळू, त्यावर खडी आणि त्यावर दगड टाकावेत, म्हणजे पाणी निघत राहील आणि माती अडेल. खालच्या घरातल्या माणसांना त्याच घटकेला हलवावे, मग पातळी उतरवायला लागावे. सायफन सोडावा, जोडीला पाच अश्वशक्तीची मोटार चालली तर दिवसभरात वरचे हातभर पाणी सहज निघते, आणि बांधावरचा ताण वरच्या हातभर पाण्यानेच सर्वांत जास्त वाढवलेला असतो. कागद दुरुस्त करायचा तो नंतर, आणि तोही मागची माती उकरून, ओली करून, थराथराने दाबून घेतल्यावर.